निळा रंग आधी जातो

सहकारी गावितचा खोकला थांबेना, तेव्हा सुनेत्रा घैसास डॉक्टरांना शोधत चांद्रतळाच्या मुख्य दालनात आली आणि भिंतीवरच्या फोटोपाशी थबकली. तळावर उतरल्या दिवशी सगळ्यांनी मिळून काढलेला तो फोटो तिनेच इथल्या छोट्या प्रिंटरवर छापला होता, प्रत्येक खोलीसाठी एकेक. त्यातले निळे गणवेश आता विटकरी दिसत होते.

"डॉक्टर, आपल्या हवेत ओझोन आहे. गावितची छाती तोच जाळतोय."

तळाचे प्रमुख आणि एकमेव डॉक्टर इक्बाल मुजावर वैतागले. "फोटो विटला म्हणून? दिव्यांनी उडाला असेल रंग."

"मग माझ्या खोलीतली काचेखालची प्रत तशीच कशी? दिवे तेच, शाई तीच, कागद तोच. काचेतून उजेड जातो, हवा जात नाही." सुनेत्राची सगळी कारकीर्द रंगांच्या रसायनशास्त्रात गेली होती. "हा कागद सच्छिद्र आहे. शाई चटकन पितो, पण त्याच छिद्रांतून हवाही आत शिरते. शाई डायची, म्हणजे रंग पूर्ण विरघळलेला. त्याचे सुटे रेणू ओझोन तोडतो आणि निळे आधी तुटतात."

"माझ्या आईचा फोटो तर उघडाच आहे. त्याला काही झालेलं नाही."

"तो तुम्ही घरून छापून आणलात. पिगमेंट शाईचा असणार. तिच्यात रंगाचे घट्ट कण असतात, ओझोन त्यांना वरवर कुरतडतो फक्त."

"आणि ओझोनमापक शून्य दाखवतोय, त्याचं काय?"

"तो कोळशाच्या गाळणीनंतर बसवलाय. कोळसा ओझोन आधीच गिळतो."

मुजावरांनी कोपऱ्यातल्या यंत्राकडे पाहिलं. चंद्रावरची बोचरी धूळ पकडायला खोल्यांमधून धूळखेचक यंत्रं होती. विजेच्या प्रचंड दाबाने ती धूळ भारून ओढून घेत. त्याच दाबाखाली ऑक्सिजनचा ओझोन होतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"पण वास आला असता," ते म्हणाले. आवाज उतरला होता.

"हळूहळू वाढला तर नाक सरावतं. चला, बाकीचे फोटो बघू."

स्वयंपाकघरात धूळखेचक नव्हता; तिथला निळा जेमतेम फिकटला होता. कार्यशाळेत एक यंत्र होतं, तिथे गणवेश तांबूस झाले होते. म्हणजे बिघाड कुठेच नव्हता. यंत्रं चोख चालत होती आणि चालत होती म्हणूनच ओझोन बनत होता.

"मग दोन यंत्रं कुठल्या खोलीत आहेत?" सुनेत्राने विचारलं आणि उत्तर तिला स्वतःलाच सुचलं.

मुजावर धावत सुटले होते. खोकणाऱ्या गावितला त्यांनीच रुग्णकक्षात हलवलं होतं, दोन यंत्रांमुळे तिथली हवा सगळ्यांत स्वच्छ म्हणून. दारही बंद ठेवायला सांगितलं होतं.

खाटेशेजारच्या फोटोत निळा औषधालाही उरला नव्हता. गावितचे ओठ काळवंडले होते. मुजावरांनी दोन्ही यंत्रांच्या तारा उपटल्या, दोघांनी मिळून खाट बाहेर बोळात ओढली. बोळात यंत्र नव्हतं, करडी धूळ तरंगत होती.

"डॉक्टर," गावित धापा टाकत म्हणाला, "बाहेर नका नेऊ. धूळ जातेय छातीत."

"जाऊ दे," मुजावर म्हणाले आणि त्याला टेकवून बसवून त्याची पाठ चोळत राहिले.