टोपल्याखालचा ठसा

बसा, कृष्णराव. आसगावहून इतक्या लांब मोटारसायकलने आलात, आधी चहा घ्या. लाईन तासाभरात येईल असं सांगितलंय, म्हणजे आज काही येत नाही. कंदील असू द्या तिथेच. मांजर कुठे गेलेली नाही, त्या ढेपेच्या पोत्यांमागे बसली आहे. ती तुम्हाला द्यायची की नाही, हे मात्र मी अजून ठरवलेलं नाही. मांजर मागायला येणाऱ्याची मी इतकी चौकशी करतो, की माझी बायको रीना म्हणते, पोरीचं लग्न जुळवतानाही लोक एवढं विचारत नाहीत. तुम्हाला काही विचारायच्या आधी मी एक हकिकत सांगणार आहे.

माझं हे जनावरांच्या औषधांचं दुकान. साकोलीतले लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, जंताचं औषध आणि गुरांच्या खुराकाची ढेप विकतो. दिवाळीनंतर एका सकाळी शटर उघडायला आलो, तर समोर हायवेच्या कडेला उभ्या ट्रकखाली ही बसलेली. राखाडी रंग, बोटभर लांब केस, चपटं तोंड, तांब्याच्या रंगाचे डोळे. असली मांजर आपल्या गावांत जन्माला येत नाही. कोणीतरी शहरात हौसेने विकत घेतली असणार, आणि जीव विटल्यावर नागझिऱ्याला फिरायला जाता जाता गाडीतून उतरवून दिली असणार. त्या माणसाचा मला अजूनही राग येतो.

घरी नेणं शक्य नव्हतं, रीनाला दमा आहे. म्हणून ती दुकानातच राहिली. मी तिला धुतलं, केसांतल्या गाठी कापल्या, पंजे हातात धरून नखं कापली. हे लक्षात ठेवा, पंजे मी हातात धरले होते. तिचं सगळं चांगलं होतं, पण चौकातली कुत्री तिच्या मागावर होती. रोज सकाळी शटरच्या खालच्या पट्टीवर त्यांच्या नखांचे नवे ओरखडे दिसायचे. एखाद्या दिवशी माझं लक्ष चुकलं असतं तर तिच्या चिंध्या झाल्या असत्या. मला तिची फार काळजी लागली होती, म्हणून मी तिचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर टाकला.

फोन बरेच आले. एका गृहस्थाने फक्त पिल्लं किती देईल एवढंच विचारलं, त्याला मी बकऱ्या पाळायचा सल्ला दिला. दुसऱ्याचं घर हायवेला लागून होतं. मग लाखांदूरकडच्या दिघोरीहून एका म्हाताऱ्याचा फोन आला. नाव देवाजी, धानाची शेती. आवाज अगदी हळू होता.

"मांजर आमची हाये जी," तो म्हणाला.

"तुमची? हरवली होती का?"

"हरवली नाही... तिच्या पुढच्या डाव्या पंजाचं कडेचं बोट नाही ना?"

मला हसू आलं. मी म्हटलं, बाबा, बोटं सगळी जागेवर आहेत, नखं मीच कापली. फोन ठेवला आणि तरीही तिला मांडीवर घेतलं, डाव्या पंजाचे केस बाजूला केले. कडेचं बोट नव्हतं. जखम नाही, वण नाही, नुसती गुळगुळीत कातडी. माझ्याकडून बघायचं राहिलं असेल, केस दाट आहेत, घाईत होतो, अशी मी माझी समजूत घातली. खूण पटली, म्हणजे मालक खरा. डोक्यावरचा भार उतरला म्हणून मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारून तिला झाकणाच्या टोपलीत घातलं, टोपली गाडीला बांधली आणि निघालो. वाटेत धान कापलेल्या बांध्या, जागोजागी पेंढ्यांचे पुंजणे रचलेले, कुठे कुठे मळणीचा भुसा उडत होता. गाडीवर मांजर किती ओरडते ते तुम्हाला ठाऊक असेल. हिने अख्ख्या वाटेत तोंड उघडलं नाही. दोनदा थांबून मी झाकण उचललं. दोन्ही वेळा ती पुढे, रस्त्याकडे बघत होती.

देवाजीचं घर गावाच्या टोकाला, कौलारू, मातीच्या जाड भिंतींचं. मागे भाजीपाल्याची वाडी आणि वाडीच्या मागे तलावाची पाळ. थंडीचे दिवस, सूर्य पाळीआड गेला की लगेच अंधारायला लागतं. अंगणात धानाची रास पडली होती आणि त्याची सून डिंपल सुपाने धान उफणत होती. तिचा नवरा कामाला हैदराबादला. तिने टोपलीकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. या म्हणाली नाही.

देवाजी सपरीत, पुढच्या पडवीत बसला होता. त्याने टोपली पुढ्यात घेतली, मांजरीचा पंजा दोन बोटांत धरला आणि अंगठ्याने ती रिकामी जागा चाचपली. त्याचे डोळे भरून आले.

"आली," तो म्हणाला.

मग त्याने मला सांगितलं. त्याची बायको आनंदाबाई पावसाळ्यात वारली. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. जिथे जीव गेला तिथे तांदळाचं पीठ पसरायचं, वर टोपलं पालथं घालायचं, बाजूला दिवा ठेवायचा. सकाळी टोपलं उचलून पिठातला ठसा पाहायचा, माणूस कोणत्या जन्माला गेलं ते कळतं. आनंदाबाईच्या पिठात मांजरीचा पंजा उमटला होता, एक बोट कमी असलेला. तेव्हापासून म्हातारा तिची वाट पाहत होता.

खरं सांगतो, मला ते ऐकून आवडलं. माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण मांजरीला याहून चांगलं घर कुठे मिळणार होतं? कुत्रा नाही, मोठा रस्ता नाही, घरात म्हैस, म्हणजे दूध आहे. आणि एक माणूस, जो तिला जिवापाड जपेल. माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या घरात होती.

मी तिला खाली सोडलं. नव्या घरात मांजर आधी खाटेखाली शिरते, भिंतीच्या कडेकडेने चालते, प्रत्येक वस्तू हुंगते. ही सरळ आत गेली. सपरीतून मधल्या घरात, मधल्या घरातून मागच्या भिंतीशी, आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी मागोमाग गेलो. आत अंधार होता, कोपऱ्यात एक दिवा. ती भिंत सगळी एकसारखी नव्हती. मधे दाराएवढी जागा वेगळ्या मातीने लिंपलेली होती आणि तिथे एक सब्बल, लोखंडी पहार, टेकवून ठेवली होती. खाली मातीचे चार ढेपे पडले होते. आणि त्या कोरड्या खोलीत तलावाच्या गाळाचा वास येत होता.

"इथं दार होतं," देवाजी माझ्या मागून म्हणाला. "वाडीत जायाचं."

"मग बुजवलं का?"

तो भिंतीपाशी जाऊन बसला.

मी निरोप घेऊन गाडीपाशी आलो, तर डिंपल तिथे उभी होती. घराकडे पाठ करून, अगदी हळू बोलली.

"भाऊ, तिले घेऊन जा."

"काहून? बाबा तर इतके खूश आहेत."

"माह्या सासूबाईची सगळी बोटं शाबूत होती." तिने पदर घट्ट ओढून घेतला. "करंगळी रत्नाबाईची नव्हती. धान कापतानी विळ्यानं गेल्ती. डाव्या हाताची."

रत्नाबाई म्हणजे देवाजीची पहिली बायको. तिला मूल झालं नाही, म्हणून देवाजीने आनंदाबाई करून आणली आणि रत्नाबाईला बैलबंडीत बसवून माहेरी पोचवलं. काही दिवसांनी ती पायी परत आली. भर पावसात, मागच्या वाडीतून. दार वाजवत राहिली. आतून कोणी उघडलं नाही. सकाळी तिची चुंबळ आणि लुगड्याचं गाठोडं तलावाच्या पाळीवर मिळालं, ती मिळाली नाही. शरीरच नाही, म्हणून तिची तेरवी झाली नाही, तिच्यासाठी पीठ कोणी पसरलं नाही. पुढे देवाजीने ते दार बुजवलं. हे सगळं डिंपलला सासूने शेवटच्या आजारपणात सांगितलं होतं.

"पीठ सासूबाईसाठी पसरलं होतं," डिंपल म्हणाली. "आली ते... मामाजीनं ठसा पाहिल्याबरोबर ओळखलं. लोकायले सांगतलं, आनंदा आली म्हणून. तवापासून सब्बल घेऊन बसून राह्यते भिंतीपाशी. मीच त्यायले तो फोटो दाखवला भाऊ, असंच, मोबाईलवर. मले काय माहीत."

मी म्हटलं, वहिनी, तुम्ही चार दिवस माहेरी जा.

"धान अंगणात पडून हाये, कशी जाऊ?" आणि मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तुम्ही मांजरीसाठी घर पाहून राहिले. आमच्या घराचं कोण पाहीन?"

मी परत आत गेलो. देवाजी भिंतीपाशी बसला होता आणि मांजर अजून तशीच, पाठमोरी.

मी म्हटलं, "बाबा, मी हिला घेऊन जातो. आठ दिवसांनी बघू."

त्याने हात जोडले. इतक्या वयाचा माणूस, मला फार वाईट वाटलं.

"एकदा धाडलं तिले," तो म्हणाला. "आता मह्या हातानं धाडाले नका लावू."

मी वाकून तिला उचललं. तिच्या पोटाखालचे केस ओले होते, गार, आणि बोटांना गाळ लागला. ती माझ्या छातीशी होती, चारही पाय माझ्या हातांत होते, हे मी शपथेवर सांगतो. आणि भिंत वाजली.

पलीकडून. हळूच. लाकडी दारावर हात आपटावा आणि हातातल्या बांगड्याही वाजाव्यात, तसा आवाज. कृष्णराव, तिथे लाकूड नव्हतं. हातभर जाडीची माती होती.

पुन्हा वाजलं...

देवाजी उठला नाही, दचकला नाही. फक्त भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "उघडतो... थांब जरा, उघडतो."

माझी पकड सुटली. मांजर पायांवर उतरली आणि आपल्या जागी जाऊन बसली. मी गाडीपर्यंत कसा आलो ते मला आठवत नाही. डिंपलला एवढंच म्हणालो, की आज या घरात निजू नका. ती शेजारच्या घरी निजली, म्हणून आज आहे.

सकाळी तिचाच फोन आला. भिंतीतलं दार मोकळं झालं होतं. मातीचा ढीग आत पडला होता, सब्बल त्यावर. वाडीतून तलावापर्यंत म्हाताऱ्याची पावलं होती, एकट्याची. पाळीजवळच्या उथळ पाण्यात तो सापडला. गुडघाभरही पाणी नव्हतं तिथे. मांजर घरात नव्हती.

मी तिला शोधायला गेलो नाही. मला वाटलं, सुटलो. देवाजीच्या तेरवीच्या सुमारास डिंपलचा पुन्हा फोन आला. मुलगा हैदराबादहून आला होता, त्याने रीतीप्रमाणे बापासाठी घरातच पीठ पसरलं होतं. मी न राहवून विचारलं, काय उमटलं?

"काहीच नाही भाऊ. पीठ होतं तसंच हाये. कोणी आलंच नाही."

मी तेव्हा दुकानाचं शटर वर करत होतो, फोन खांद्यात धरून. शटर रात्रभर बंद, कुलूप मीच लावलेलं. आत ढेपेच्या पोत्यावर ही बसली होती. चारही पाय पांढरे, पिठाने भरलेले. मी फोन ठेवला, तिला उचललं, डाव्या पंजावरचं पीठ फुंकलं आणि बोटं मोजली.

सगळी होती, कृष्णराव. कडेचं बोट, त्याचं नख, सगळं जागच्या जागी. नख मी कापलं होतं तसंच, बोथट.

तेव्हापासून ती इथेच आहे. शटरवर आता ओरखडे नसतात. कुत्री या बाजूला येतच नाहीत, चौकातून वळसा घालून जातात. रीना म्हणते सोडून दे रानात, पण रानात सोडायलाही माझा जीव होत नाही. ती माझ्या पायाशी येऊन बसते, साधी मांजर बसते तशीच. मी तिचा फोटो कधीच काढून टाकला. कोणाला नवा पाठवलेला नाही. तरी आज दुपारी तुमचा फोन आला.

मी तुम्हाला पहिला प्रश्न विचारायला गेलो होतो, तुमच्या घरी इतक्यात कोणी गेलं का म्हणून. पण त्याच्या आधी तुम्हीच विचारलंत. आवाज असाच हळू होता तुमचा. तिच्या उजव्या डोळ्यात पांढरं फूल पडलेलं आहे का, असं विचारलंत. मी म्हटलं, नाही, दोन्ही डोळे स्वच्छ आहेत.

दुपारपासून मी तिच्या तोंडाकडे पाहिलेलं नाही. ती पोत्यांमागून बाहेरच आली नाही... तुमची गाडी दारात थांबली तेव्हा उठली फक्त.

रडू नका. ज्यांची आठवण येतेय त्यांचं नाव इथे घेऊ नका, तेवढं ऐका माझं. ती बघा, येतेय.

तो कंदील जरा खाली धरा.