दर आठवड्याचं वॅक्स

भर दुपारी टळटळीत उन्हात गाडीला वॅक्स लावणारा माणूस एक तर गाडीवर चिडलेला असतो, नाहीतर त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं. दुकानासमोर येऊन थांबलेल्या निळ्या गाडीचा मालक दुसऱ्या प्रकारातला होता. बॉनेटवर पांढरे ढग, काळ्या बंपरवर पांढरे ओघळ… बारकी पायरीवर उभी राहून बघत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

तीन बहिणींत धाकटी म्हणून आत्या तिला बारकी म्हणायची. आत्या म्हणायची म्हणून सगळा रस्ता म्हणायचा. गाडी धुण्याच्या सामानाचं हे दुकान आत्याचं, आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं काम बारकीचं.

“हे जाईल का?” त्यानं उतरून विचारलं. चष्मा नाकावर घसरलेला, शर्टाच्या बाहीवरही वॅक्स.

“धुतलीत कशानं?”

“भांड्यांच्या साबणानं.”

“आणि वॅक्स कधी लावलंत?”

“काल… दुपारी एक वाजता. उजेड चांगला होता.”

कपाळावर हात मारायचं तेवढं बारकीनं बाकी ठेवलं. मग तिनं समजावून सांगितलं. भांड्यांचा साबण तेलकटपणा काढायलाच केलेला, तो गाडीवरचं जुनं वॅक्सही ओढून नेतो. तापल्या पत्र्यावर नवं वॅक्स लावताक्षणी वाळतं आणि डाग धरून बसतं. काळ्या प्लास्टिकला तर ते लागूच द्यायचं नाही.

त्यानं सगळं शाळेतल्या मुलासारखं ऐकून घेतलं. “म्हणजे मी बरोबर असं काहीच केलं नाही?”

“केलंत की. इथे आलात.”

तोंडून गेलं आणि तिनं जीभ चावली. तो मात्र हसला… आणि हसला तो असा, की बारकीला पुढचं वाक्य आठवेना.

दोन गल्ल्या सोडून त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचा त्याचा धंदा, पण तिच्याशी बोलताना नजर आपली शाम्पूच्या बाटल्यांवर.

आता आत्याच्या दुकानाची एक रीत सांगायला हवी. कुणी वॅक्स मागायला आलं, की त्याला आधी बाहेर न्यायचं आणि बॉनेटवर पेलाभर पाणी ओतायचं. पाण्याचे गोल थेंब उभे राहिले तर वॅक्स अजून टिकून आहे; गिऱ्हाइकाला हात हलवत परत पाठवायचं. पाणी पसरलं तरच विकायचं. शेजारचे दुकानदार म्हणायचे, ही बाई धंदा करते की गिऱ्हाइकं हाकलते? पण लोक यायचे तिच्याचकडे.

बारकीनं पाणी ओतलं. कालचं वॅक्स नीट धरलंच नव्हतं; पाणी सरळ पसरलं.

मग तिनं काउंटरवर सामान मांडलं. गाडीचा शाम्पू एक, बादल्या दोन – एक फेसाची, एक फडकं खळबळायची – मऊ फडकी तीन, आणि फवारायचं वॅक्स. “डाग हळूहळू जातील. गाडी धुवायची, ओली असतानाच हे फवारायचं, पुसून घ्यायचं. झालं.”

“इतकंच?”

“रोजच्या गाडीला इतकंच लागतं. बाकीचं सगळं कपाटात मांडून ठेवायला.”

“आणि टिकतं किती?”

खरं उत्तर होतं, दोन महिने. पण नेमका त्याच वेळी त्यानं चष्मा काढून त्यातल्याच एका फडक्यानं पुसायला घेतला होता. बिनचष्म्याचे ते डोळे इतके साधे, इतके गोंधळलेले… बारकीला एकदम वाटलं, हा माणूस आता दोन महिने दिसणार नाही.

“आठवडा,” ती म्हणाली. “दर आठवड्याला लावायचं.”

आणि हातातली मोठी बाटली मागे ठेवून तिनं सगळ्यात लहान बाटली त्याच्यापुढे सरकवली.

झालं! पुढचे सहा शनिवार चष्मेवाला हजर. संध्याकाळी पाचच्या सुमाराला, चालत. गाडी आणायचाच नाही, त्यामुळे पाणी ओतायचा प्रश्नच नव्हता.

“संपली?” ती विचारायची.

“संपली.”

“जास्त फवारत नाही ना?”

“तुम्ही दाखवलंत तितकंच.” मग जरा थांबून, “पुन्हा एकदा दाखवा… म्हणजे खात्री होईल.”

ती काउंटरच्या काचेवर फवारायची, फडकं चार घड्यांत धरायची, पुसायची. तो टक लावून बघायचा… काचेकडे नाही, तिच्या हाताकडे. सहा शनिवारांत ती काच इतकी लखलखली, की आत्यानं एकदा विचारलं, “गाडी त्याची आहे की माझं काउंटर?” बारकीनं घाईघाईनं फडकं खणात टाकलं. शनिवार संपला की तिला करमायचं नाही आणि आरशात बघताना उगीच हसू यायचं. मनाशी तिनं कबूल करून टाकलं होतं, की तो तिला आवडतो. फार आवडतो.

सातव्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, ती निळी गाडी दुकानासमोर आली. उतरले एक म्हातारे गृहस्थ, उजवा खांदा डाव्या हातानं धरून.

“वॅक्स द्या हो,” ते आत्याला म्हणाले. “माझा मुलगा इथूनच नेतो. त्याचं दुकान रविवारीही उघडं, म्हणून आता दर रविवारी गाडी मीच धुतो-पुसतो. पण हल्ली हात वर जात नाही. थोडं कमी घासून चालेल असं काही आहे का?”

आत्या रीतीप्रमाणे पेला घेऊन बाहेर गेली. बॉनेटवर पाणी पडलं आणि टपोरे थेंब दाटीवाटीनं उभे राहिले.

“काका, तुम्हाला वॅक्सची गरजच नाही.”

“असं कसं? दर आठवड्याला लावायचं असतं. तुमच्याच पोरीनं सांगितलंय त्याला.”

आत्यानं वळून बघितलं. बारकी पायरीवरच उभी होती. ‘तुमच्या मुलाच्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल’, एवढं म्हटलं की सुटका होती. आत्याचा विश्वास राहिला असता, म्हाताऱ्यांना सुट्टी मिळाली असती, आणि ठपका त्या बिचाऱ्यावर गेला असता. तिनं म्हाताऱ्यांच्या खांद्याकडे पाहिलं. तिच्यानं ते होईना.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “वॅक्स दोन महिने टिकतं. मी मुद्दाम आठवडा सांगितलं.”

“मुद्दाम? ते का?”

“ते… यावेत म्हणून.”

म्हाताऱ्यांनी आत्याकडे पाहिलं, आत्यानं म्हाताऱ्यांकडे. मग त्यांची मिशी जराशी हलली. “दोन महिन्यांचं मी घरी सांगतो,” ते म्हणाले. “मुद्दामचं तूच सांग. ते माझ्या तोंडून बरं नाही दिसणार.”

गाडी गेल्यावर आत्यानं पेला जागेवर ठेवला. मग म्हणाली, “वीस वर्षांत या दुकानातून कुणाला खोटं सांगून बाटली गेलेली नाही. शनिवारी तो आला की आधी खरं सांग, मग माझ्याशी बोल.”

पण शनिवारी तो आलाच नाही. पाच वाजले, साडेपाच झाले. बारकीनं कपाट तीनदा लावलं. त्याच्या वडिलांना त्रास दिला, खोटं बोलली… कशाला येईल तो? डोळे भरून आले तसं आत्यानंच तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. “जा. पाय आहेत ना तुला?”

चष्म्यांच्या दुकानात तो एकटाच होता. तिला बघून उभा राहिला. पुन्हा पहिल्या दिवसासारखा परका.

“डोळे तपासायचेत?”

“हो,” ती म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

त्यानं तिला उंच खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची जड, गोल चौकट चढवली आणि काचा घातल्या. समोरची अक्षरं पुसट झाली. तोही पुसट झाला. बरंच झालं, तिला वाटलं.

“खालची ओळ वाचा.”

“मी खोटं बोलले होते,” बारकी म्हणाली. “वॅक्स दर आठवड्याला लागत नाही. तुम्ही दर शनिवारी यावंत म्हणून मी तसं सांगितलं. बाबांचा खांदा माझ्यामुळे दुखतोय. त्याचं मला फार वाईट वाटतंय. आणि तुम्ही आला नाहीत, त्याचंही.”

पुसट आकृती एक पाऊल पुढे आली.

“बाबा म्हणाले, दुकानातली मुलगी सांगत होती, आता दोन महिने यायची गरज नाही,” तो हळूच म्हणाला. “मला वाटलं… माझी ये-जा तुम्हाला नकोशी झालीय. म्हणून सभ्यपणे निरोप धाडलात.”

“निरोप अर्धाच पोचला.”

त्यानं चौकटीतल्या काचा बदलल्या. सगळं एकदम स्वच्छ दिसायला लागलं. त्याचे कान लाल झाले होते.

“राग आलाय?” तिनं विचारलं.

“बाबांच्या खांद्याचा आलाय. रोज रात्री मलम मीच चोळतो.” त्यानं सुट्या काचा डब्यात ठेवल्या. “पण एकट्या तुमच्यावर कसा काढू? बाबांना एक बाटली तीन रविवार पुरते. घरी माझ्या कपाटात चार बाटल्या तशाच पडून आहेत. ‘संपली’ म्हणून मीही खोटंच बोलत होतो.”

बारकीला हसावं की रडावं ते कळेना. तिनं दोन्ही केलं. त्यानं अलगद चौकट काढून घेतली, आपलाही चष्मा उतरवला आणि पहिल्यांदाच, मध्ये एकही काच नसताना, तिच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

“डोळे उत्तम आहेत. आता वर्षभर तपासायला नकोत.”

“वर्षभर?”

“खरं तेच सांगतोय. निमित्तं काढून काय होतं ते बघितलं आपण.” त्यानं चौकट टेबलावर ठेवली. “म्हणून निमित्ताशिवाय विचारतो. मला तू आवडतेस. उद्या भेटशील?”

“तूही मला आवडतोस,” ती म्हणाली. “भेटेन. पण तुझ्या घरी. आधी बाबांची माफी मागायचीय, आणि उद्या ती गाडी मी धुणार आहे. त्यांनी खुर्चीत बसून नुसतं बघायचं.”

टेबलाच्या खणातून एक पुठ्ठा काढून त्यानं त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं – ‘रविवारी दुकान बंद’. मग चिकटपट्टी तिच्या हातात दिली, आणि दोघांनी मिळून तो पुठ्ठा दाराच्या काचेवर लावला.