कडेला न पोचणारी शीर

पानाचं वर्णन लिहिताना आम्ही फुलापेक्षा शिरांवर जास्त विश्वास ठेवतो. फूल काय, चार दिवसांचा पाहुणा. शिरा कडेपर्यंत पोचतात की अलीकडेच वळून दुसऱ्या शिरेला मिळतात, यावरून झाडाचं कूळ सांगता येतं. "माणसांचीही कुंडली अशीच मांडतेस तू," म्हणून नवरा चिडवायचा. रानातून झाडं गोळा करून आणणं त्याचं काम, त्यांचं वर्णन लिहिणं माझं.

आता तो जंगलात बेपत्ता होता. ओढ्याच्या तोंडाशी गाडी सापडली, आत ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक रोप. शोधपथक हात हलवत परत आलं. रोप मी कुंडीत लावलं, प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवलं आणि कामाला लागले. घरी बसून नुसती भिंत बघत राहिले असते तर वेड लागलं असतं.

एकाच पानावरून वर्णन लिहायचं नाही, हा आमचा नियम. म्हणून तीन-चार पानं धुण्याच्या सोड्यात उकळली, मऊ ब्रशने गर काढला आणि उरलेली शिरांची जाळी लाल रंगात बुडवली. एका झाडाची दोन पानं कधी तंतोतंत सारखी नसतात. ही होती. प्रत्येकात मधल्या शिरेलगत एक बारीक, वेडीवाकडी शीर, कशातच न बसणारी.

भिंतीवर त्या जंगलाचा नकाशा होता. मधली शीर म्हणजे ओढा, बाजूच्या शिरा म्हणजे त्याला मिळणारे ओहळ. वळणन्‌वळण जुळत होतं. वेडीवाकडी रेघ तेवढी नकाशात नव्हती. ती देठापाशी, म्हणजे गाडी सापडली तिथून, सुरू होत होती.

मला भीती वाटली. पण खरं सांगते, त्याहून जास्त आशा वाटली. मी ती रेघ कागदावर उतरवून धाकट्या दिरांच्या हातात दिली.

"वहिनी, पानावर भरवसा ठेवून जायचं?"

"दुसरं काय आहे आपल्याकडे, भाऊजी?"

ते सकाळी एकटेच निघाले. दुपारी फोन आला.

"वहिनी, रेघ बरोबर आहे! दादाच्या बुटांचे ठसे आहेत. अगदी ताजे."

"इतक्या दिवसांनी ताजे कसे?"

"तेच कळत नाही. आणि सगळे आत जाणारेच." फोन तुटला.

मी खिडकीकडे वळले. कुंडीत एक नवं पान उलगडलं होतं. सोड्यात उकळायचा धीर नव्हता; तसंच उजेडात धरलं.

ती वेडीवाकडी शीर कडेच्या अलीकडेच वळली होती. वळून स्वतःलाच मिळाली होती.

तिच्या शेजारून आणखी एक शीर निघाली होती.

घाईत नंबर दोनदा चुकला.

"भाऊजी, आहात तिथून मागे फिरा!"

"केव्हाचा फिरलोय, वहिनी." ते धापा टाकत होते. "परतच येतोय. पण पुढे आता दोघांचे ठसे आहेत, मी चालतोय त्याच दिशेला गेलेले."

"दुसरे कुणाचे?"

पाचोळ्यावर वाजणारी त्यांची पावलं थांबली.

"माझ्या बुटांचे."