दाबबंध

समुद्रतळाच्या त्या नव्या वसाहतीतली हवा बहुतांशी हेलियमची. त्यामुळे सगळ्यांचे आवाज पिपाणीसारखे यायचे, आणि केळसकर सर कितीही तापले तरी पोरांना हसूच फुटायचं.

निवासी शाळेत सर आज विचित्र रेणू शिकवत होते. हेलियम महा एकलकोंडा, कोणाशी बंध जोडत नाही. पण बाहेरून प्रचंड दाब आला, की त्यालाही शेजारच्या अणूला धरून राहावं लागतं. या नाइलाजाच्या जोडीला शास्त्रज्ञ ‘दाबबंध’ म्हणत.

“रेणू स्थिर आहे का, हा प्रश्न अर्धवट आहे,” सर म्हणाले. “कुठे स्थिर, ते विचारा.”

उदाहरण म्हणून त्यांनी हौसेने वसाहतीचंच इंजेक्शन घेतलं. इथल्या दाबाने नसा थरथरतात, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला ते टोचत. त्यातला दाबबंधाचा रेणू नसांच्या आवरणात बसून राही. पुढे तो आपोआप शरीराबाहेर पडतो, असं कंपनीचं म्हणणं. ते खरं की खोटं हे कोणी पाहिलं नव्हतं, कारण वर परतणारी पहिली तुकडी रविवारी निघायची होती.

त्या तुकडीतली सुलक्षा मयेकर फळ्यापाशी गेली. वेंगुर्ल्याला आईकडे जायचं म्हणून ती नुसती उड्या मारत होती. तिने गणित सोडवलं आणि खडू हातातच राहिला.

“सर, शरीराच्या उष्णतेला हा रेणू आवरण सोडतच नाही. आणि वर दाब कमी झाला, की नसेतच फुटतो.”

सरांनी पुन्हा पुन्हा तपासलं. एखादी चूक सापडावी म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. त्यांना रडू आलं.

संध्याकाळी डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तुकडीचं जाणं रद्द झालं. सुलक्षाच्या आईला कळवायचं काम सरांवर आलं.

“हळूहळू आणा मा तिका वर,” पडद्यावरून आई म्हणाली.

“हळू आणलं तरी तेच, वहिनी. दाबानेच तो रेणू बांधलेला आहे. दाब गेला की सुटणार.”

“मीच धाडलंय तिका शिकाक. मगे मीच खाली येतंय. माका टोचा ता इंजेक्शन.”

“मग तुम्हालाही परत जाता येणार नाही.”

“ता कळला माका. धाकट्याक हयं कोणाकडे ठेवू? तेकाय घेवन येतंय.”

नको म्हणायला सरांनी तोंड उघडलं. शेजारी सुलक्षा उभी होती, आणि ती आईला नको म्हणत नव्हती.