क्रॅडक वकिलाची विकेट

बसा रे पोरांनो, बिअर संपवा. आपला डेस टली, या मैदानाचा जुना राखणदार, थापा मारणारा गडी नव्हे. गेल्या वर्षी चौदा फेब्रुवारीला, शुक्रवारी, होबार्टकडून ढग चढले, म्हणून रात्री पावणेनऊला तो खेळपट्टीवर ताडपत्री टाकायला गेला.

भिंतीवरच्या फोटोतला तो कल्लेवाला, क्रॅडक वकील. क्लबला त्याचं मोठं कौतुक. मला लाज वाटते. दीडशे वर्षांपूर्वी त्याच्या अशिलाला, टॉम लिडी नावाच्या मेंढपाळाला, फाशी ठरली होती. टॉम निर्दोष असल्याची जबानी क्रॅडकच्या कोटात होती. संध्याकाळच्या घोडागाडीनं ती होबार्टला गव्हर्नरकडे पोचवायची, बस्स. पण साहेब ब्याण्णववर खेळत होते. बॅटची कड लागली, मागे झेल घेतला गेला. त्याला कळलं. पंचाला मात्र कुणी विचारलंच नाही, आणि विचारल्याशिवाय पंच बोट वर करत नाही. क्रॅडक हलला नाही. शतक झालं, गाडी गेली, आणि सकाळी टॉमला लटकवलं.

तर डेस ताडपत्री ओढतोय, आणि क्रीजवर कुणीतरी पॅड बांधून उभं.

"मित्रा, एक चेंडू टाक," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "कड लागेल. झेल घे आणि मोठ्यानं विचार. मला आपणहून जाता येत नाही रे आता. टॉमला सकाळी नेतील!"

डेसच्या हातात चेंडू होता. कुठून आला, देव जाणे. शेजारी लांब कोटातला पंच, मान खाली घातलेला.

डेसनं चेंडू टाकला.

कड लागली. पॅडवरून उडाला. थेट ओंजळीत. गार.

"विचार!"

डेसनं तोंड उघडलं.

...

"अरे, विचार ना! हात जोडतो..."

एकच शब्द. एकच...

...

फाटकापाशी टापा वाजल्या. लांब गेल्या. क्रीजवर कुणी नव्हतं.

घरी येऊन डेस बायकोपुढे ढसाढसा रडला. "बेव्ह, एक शब्द निघाला नाही गं. मी माणूस मारला."

"झोप रे वेड्या," बेव्ह म्हणाली. पण झोपली तीही नाही.

उजाडल्यावर तिनं दार उघडलं. पाऊस आलाच नव्हता. पायरीवर दव होतं, आणि दवात अनवाणी पावलं. टाचा नव्हत्या. नुसती पायाची बोटं, लटकलेल्या माणसाची टेकावीत तशी जेमतेम टेकलेली.

दाराकडे तोंड करून.