काठीवरचं घोंगडं

वाळवंट म्हटलं की आमच्याकडच्या गड्यांना एकच माणूस आठवतो, तो म्हणजे दुबईचा शेख. त्या आठवड्यात गेवराईतल्या माझ्या दुकानात जो येईल तो पांढरा झगा आणि डोक्याला बांधायची काळी दोरी मागत होता. माझ्याकडे शाळांच्या स्नेहसंमेलनांचे कपडे भाड्याने मिळतात. मावळे, वासुदेव, सैनिक, पऱ्या, एक सिंह. शेख एकच होता आणि त्याच्या पोटावर कुणीतरी भाजीचा रस्सा सांडून ठेवलेला होता.

निमित्त होतं विजयसिंहांचं. विजयसिंह म्हणजे आमच्या भागातले तरुण पुढारी. परदेशातल्या कुठल्याशा वाळवंटात भरणाऱ्या जत्रेचा व्हिडिओ त्यांनी पाहिला होता. त्यात बाप्ये माणसं पिसं, चामड्याचे पट्टे आणि डोळ्यांवर मोठाले गॉगल लावून वाळूत नाचत होती. झालं, गोदावरीच्या कोरड्या पात्रात तसाच महोत्सव भरवायचं त्यांनी मनावर घेतलं.

"ताई, बायकांचं सजणं सोपं हाय," ते मला म्हणाले. "गड्यांना काय घालावं, ते तुमी काढा. लई भारी दिसलं पायजे."

मी काढलं. कामाला मी मागे हटत नाही. मातकट रंगाचे ढगळ कुर्ते, जुन्या पोत्यांचे अंगरखे, आरसे लावलेल्या बंड्या, सुंभाचे कमरपट्टे, आणि तोंडाला गुंडाळायला फेट्याचं कापड. पोरांना उघडी छाती दाखवायची होती. मी म्हटलं, वाळवंटात अंग उघडं टाकत नसतात बाबांनो, झाकत असतात. हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, सासऱ्यांनी शिकवलं होतं. सुग्रीवमामा ऐन वैशाखात खांद्यावर घोंगडं टाकून मेंढरांमागे चालायचे आणि वर मलाच म्हणायचे, "थंडीला घोंगडं, अन् उन्हालाबी घोंगडंच."

माझं सासर धनगरांचं, मूळचं धारूरकडच्या डोंगरातलं. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन गंगथडीला, म्हणजे गोदेच्या काठाला उतरायचं, कुणाच्या रानात मेंढरांचा वाडा बसवायचा, लेंडीखत द्यायचं आणि पुढे जायचं. मी शिवण शिकलेली, म्हणून दुकान घालून गेवराईत राहिले. नवरा, जीवन, आईबापांबरोबर मेंढरांत असायचा. आठ-पंधरा दिवसांनी दुकानात यायचा, सिंहाचा मुखवटा घालून मला भ्यायला लावायचा आणि माझ्या शिव्या खाऊन खूश व्हायचा.

यंदा पावसाळा सरून मेंढरं गंगथडीला उतरली आणि तो गेला. गेला म्हणजे कुठे, ते कुणालाच माहीत नाही.

वाळू उपसून उपसून नदीत जागोजागी डोह झालेत. त्यातल्या एकात एक मेंढरू उतरलं. जीवननं काय केलं, तर धनगर करतात तेच. काठी रोवली, तिच्यावर आपलं घोंगडं पांघरलं, वर पागोटं ठेवलं आणि तो डोहात उतरला. काठीला घोंगडं असलं की मेंढरांना वाटतं धनी उभा आहे. ती तिथून हलत नाहीत. मेंढरू बाहेर आलं, जीवन आला नाही. सुग्रीवमामा शोधत पोचले तेव्हा सगळा कळप काठीभोवती गोल करून रवंथ करत बसलेला होता.

गळ टाकले, पाणबुडे आणले, यंत्रानं डोह ढवळला. काही सापडलं नाही.

तेव्हापासून मेंढरं जीवनच्या काठीशिवाय बसेनात. रोज दिवस मावळायच्या आधी चतुराबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, वाड्याच्या मधोमध ती काठी रोवायच्या, घोंगडं आणि पागोटं चढवायच्या, मग कळप खाली बसायचा. मी म्हणायचे, वासाचा खेळ आहे. मेंढरं वासावर चालतात. आत्याबाई घोंगड्याच्या चुण्या सारख्या करत राहायच्या.

आणि मग मामांनी पुतळ्याचं काढलं.

माणूस मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करतात, त्याला त्या माणसाचे कपडे घालतात आणि अग्नी देतात. त्यानंतर तो माणूस गेला म्हणून धरायचा.

"उज्वला, आवसंला उरकून टाकू," मामा खाली बघत म्हणाले. "लेकरू मधीच लटकलंय. त्याला वाट द्यावी लागंल."

"ते गेलेत हे कुणी बघितलंय?"

"मग येईना का?"

"येतील. मामा, तुमच्या पाया पडते, जाळू नका."

त्यांनी डोळे पुसले, पण हो म्हटलं नाही. मी शिकलेली बाई, पुतळ्यानं कुणी मरत नसतं हे मला कळत होतं. तरी माझा जीव तुटत होता. सगळं जग जीवनला मेला म्हणायला मोकळं होणार होतं आणि त्याची वाट बघणारी मी एकटी उरणार होते. अवस महोत्सवाच्या दुसऱ्याच दिवशी होती. महोत्सवाच्या सकाळी मेंढरं चरायला गेल्यावर मी वाड्यावर गेले, आत्याबाई पाण्याला गेलेल्या पाहून काठी, घोंगडं, पागोटं उचललं आणि भाड्याच्या कपड्यांच्या गाठोड्यात तळाशी घातलं. काठी गाठोड्यातून आडवी घातली. कपडेच नाहीत तर पुतळा कशाचा करतील? शंभर सोंगांत एक घोंगडं कुणाला दिसणार होतं?

दुपारी नदीत मांडव पडला होता. भोंगे, जनरेटर, भाड्यानं आणलेला एक म्हातारा उंट. पोरं तंबूत कपडे करत होती आणि विजयसिंहांचा माणूस सत्यम त्यांना रांगेत लावत होता. मी शेवटच्या पोराचा कमरपट्टा आवळला, गाठोड्यात हात घातला. तळ मोकळा होता.

"सत्यम, यातलं घोंगडं कुणी नेलं?"

"मला काय म्हाईत? मी हात लावला न्हाई."

तेवढ्यात वारा सुटला. वाळू उडायला लागली, पोरांनी फेट्याची टोकं तोंडावर ओढली आणि भोंग्यावर गाणं वाजलं. एकेक जण मांडवात टाकलेल्या फळ्यांवरून चालत गेला. लोक शिट्ट्या मारत होते. शेखाला सगळ्यात जास्त शिट्ट्या मिळाल्या, डागासकट.

सगळ्यात शेवटी घोंगडं आलं.

त्याच्या खांद्यांवर काठी आडवी होती आणि तिच्यावर दोन्ही हात सैल टाकलेले होते. पागोट्याचा शेव डाव्या कानामागे खोचलेला होता. आमच्याकडे सगळे उजवीकडे खोचतात. जीवन डावखुरा होता.

तोंड झाकलेलं होतं. तो घाई न करता चालत होता, पुढे कळप असल्यासारखा.

शिट्ट्या थांबल्या. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. विजयसिंह माईकवर ओरडले, "ह्येला म्हंत्यात वाळवंटाचा ड्रेस! पैला नंबर! दादा, नाव सांगा की तुमचं!"

तो थांबला नाही. फळ्या संपल्या तिथून वाळूत उतरला आणि नदीच्या आतल्या अंगाला चालू लागला.

मी धावले. "अहो! अहो, थांबा!" म्हणत धावले. नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं, तेही घेतलं. "जीवन!"

तो उपशाच्या ढिगाऱ्याआड गेला.

मी ढिगाऱ्याला वळसा घातला. तिथे तो डोह होता. काठावर काठी रोवलेली होती, तिच्यावर घोंगडं, वर पागोटं. माणूस नव्हता.

मी पागोटं उचललं. आतून ते घामानं ओलं होतं आणि कोमट होतं.

मला आशेनं वेड लागलं, दुसरा शब्द नाही. घाम मेलेल्या माणसाला येत नाही. मी हाका मारल्या, पाण्यात कमरेपर्यंत उतरले, सत्यमनं ओढून बाहेर काढलं. "ताई, तो गडी तर तुमीच पाठविलता ना?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. एकेका पोराला मी धरून विचारलं. प्रत्येक जण स्वतःच्या सोंगात होता. दिवस बुडेपर्यंत मी काठाकाठानं फिरले, पलीकडच्या गावात जाऊन आले. मग कपडे आणि काठी उराशी धरून दुकानात परतले. कपड्यांवाचून पुतळा अडलेला आहे, तेव्हा उद्या जाऊन मामांना हे ओलं पागोटंच दाखवावं, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाड्यावर पोचले, तर आत्याबाई चुलीची राख काढत होत्या.

"उरकलं बाई सकाळीच," त्या म्हणाल्या.

"काय उरकलं?"

"पुतळा. नदीवं जाऊन जाळला."

माझ्या हातातली काठी खाली पडली. "कपडे तर माझ्याकडं होते!"

"घावलेच न्हाईत. रातभर मेंढरं बसली न्हाईत, ह्येंनी उभ्यानं रात काढली. मग म्हनले, बापाचं काय अन् लेकाचं काय, आंग तर येकच. सोताचं घोंगडं, पागोटं, धोतर दिलं पुतळ्याला. तू कावून नेलतीस गं कपडे?"

मी वाकून काठी उचलली. त्यांच्या कपाळावर कुंकू नव्हतं. मी विचारलं तर त्यांनी हात लावून पाहिला. "घामानं पुसलं आसंल."

"मामा कुठंयत?"

"कोन?" त्यांनी मान वर केली. क्षणभर माझ्याकडे नुसत्याच बघत राहिल्या. "हां... नदीलाच आस्तील."

दिवस कलायच्या सुमाराला मामा आले. अंगावर ओला पंचा, खांदे उघडे. घोंगड्याशिवाय त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. कुत्रं वाटेत पडलेलं होतं, त्यानं शेपूट हलवलं नाही की डोळा उघडला नाही. मेंढरं रानात विस्कटून उभी होती. मामांनी टाळूला जीभ लावून त्यांचा तो आवाज काढला. त्या आवाजावर अख्खा कळप आजवर माना वळवून धावत यायचा.

एकही मान वळली नाही.

त्यांनी पुन्हा आवाज काढला. एक मेंढी चरत चरत सरळ त्यांच्या अंगावर आली, गुडघ्याला थडकली आणि वाटेत खुंट असावा तशी बाजूनं निघून गेली.

"सूनबाई," मामा हळूच म्हणाले, "वळखंना झाल्यात मला."

"धुराचा वास लागलाय तुम्हाला," मी म्हणाले. "घोंगडंही नाही अंगावर. वासाचाच खेळ असतो तो."

"आसंल." ते माझ्याकडे बघतच राहिले. "तू तर बघायलीस न्हवं मला?"

"बघतेय की मामा."

मग मी वाड्याच्या मधोमध जीवनची काठी रोवली. घोंगडं पांघरलं, पागोटं ठेवलं. शेव मी उजवीकडे खोचला. मेंढरं चहूकडून आली आणि काठीकडे तोंडं करून एकेक करत खाली बसली. कुत्रं उठलं, काठीपाशी गेलं आणि शेपूट हलवायला लागलं.

मी मामांसाठी बाजारातून नवं घोंगडं आणायचं ठरवलं. उद्या सकाळीच आणू, म्हणजे चार दिवसांत त्याला त्यांचा वास लागेल.

आत्याबाईंनी भाकरी थापल्या, पिठलं केलं. मामा हात धुऊन चुलीपुढं येऊन बसले. आत्याबाईंनी तीन ताटं वाढली. एक माझ्यापुढं ठेवलं, एक स्वतःला घेतलं. तिसरं घेऊन त्या उठल्या, मेंढरांमधून वाट काढत गेल्या आणि ते काठीपाशी ठेवून आल्या. मामांनी पुढं केलेला हात तसाच राहिला. ते माझ्याकडे बघत होते.

 मी माझं ताट उचलून त्यांच्यापुढं सरकवलं.

आत्याबाईंनी घास मोडता मोडता वर पाहिलं.

"तिकडं मोकळ्या जागंत कुनाला वाढायलीस गं?"