"स्विच बंद, साहेब"

मेकॅनिक विल्फ थर्कटल जन्मात दोनदाच खोटं बोलला, दोन्ही वेळा बायकोशी. त्यामुळे ही हकिकत खरी धरायला हरकत नाही.

१९१७चा नोव्हेंबर. इंग्लंडात सफकमधलं आमचं माळरान. सकाळचं धुकं.

कारखान्याचे मालक हारबॉटलसाहेब यांचं नवं लढाऊ विमान उभं होतं. एकावर एक असे दोन पंख, कापडाचे. त्या नमुन्याचं हे दुसरं. पहिल्याचा वरचा पंख हवेतच मोडला आणि वैमानिक क्वांट्रिल गेला. चौकशीत साहेब म्हणाले, "पिऊन होता."

इंजिनात एरंडेल जळायचं. त्याचा धूर पोटात गेला की काय होतं, ते सांगायला नको. उतारा म्हणून सगळेच वैमानिक घोटभर ब्रँडी घेत.

आज तसल्याच पंखावर उडणार होता विल्फचा धाकटा भाऊ, नेड.

"पंखाला आणखी एक आधार द्या, साहेब," विल्फ म्हणाला.

"वजन वाढेल. लष्करातले लोक वेग बघायला आलेत, तुझं बंधुप्रेम नाही."

विल्फने हात खिशात घातले. "मग इंजिनाचा पंखा मी फिरवणार नाही."

इंजिन सुरू करायला पंखा हातानेच फिरवावा लागे. साहेबांनी स्वतःच कोट काढला.

तेवढ्यात वास आला... जळक्या एरंडेलाचा.

इंजिन तर गारठलेलं होतं.

मग ब्रँडीचा...

कॉकपिटमधला माणूस 'स्विच बंद' म्हणेपर्यंत पंख्याच्या पात्याला कोणी हात लावत नाही. इंजिन लागलं तर हात जातो. नशीब चांगलं असेल तर हातच.

साहेब पुढे उभे राहिले. विमानाच्या नाकाडामुळे त्यांना कॉकपिट दिसत नव्हतं.

"स्विच बंद?"

नाकाडापलीकडून उत्तर आलं.

"बंद, साहेब. प्यायलेलोही नाही."

आवाज नेडचा नव्हता.

विल्फने वळून पाहिलं. नेड पार मैदानाच्या टोकाला, संडासाच्या दारात, विजारीची बटणं लावत होता.

साहेबांनीही आवाज ओळखला. चेहरा पांढराफटक पडला. पण तोवर त्यांनी पातं ओढलं होतं.

इंजिनाचा एकच धडाका झाला.

साहेबांना घोंगडीत गुंडाळून नेल्यावर विल्फने कॉकपिटमध्ये डोकावलं. स्विच खरंच बंद होता.

आसन मात्र गरम होतं...

ते विमान कधीच उडलं नाही. नेड म्हातारा होऊन अंथरुणात मेला.

तरी विल्फला झोप लागत नसे. क्वांट्रिलच्या शेवटच्या दिवशी पंखा त्यानेच फिरवला होता. त्या सकाळीही पाळी त्याचीच होती, आणि आतल्यालाही नाकाडामुळे पुढचा माणूस दिसत नाही.

आणि क्वांट्रिल थट्टेने विल्फलाही साहेबच म्हणायचा...